नोव्हेंबरमधल्या आकड्यांचे वाचन: अमेरिकी कॉलेज बास्केटबॉल संघातील खेळाडू हंगामाच्या सुरुवातीला कसे जोखावेत

१२ नोव्हेंबर २०१९ रोजी लेक्सिंग्टन येथील रप अरीनामध्ये, देशात पहिल्या क्रमांकावर असलेला केंटकीचा संघ एव्हान्सव्हिल या लहान विद्यापीठाकडून ६७-६४ असा हरला. केंटकीचे ते स्थान गेले आणि पुढे ते ड्यूककडे आले, तर २६ नोव्हेंबरला ड्यूकचा संघही स्वतःच्या मैदानावर स्टीफन एफ. ऑस्टिन या टेक्ससमधील विद्यापीठाकडून जादा वेळेत ८५-८३ असा पराभूत झाला. निकालपत्रकावर दोन्ही विजय सारखेच दिसतात. मात्र हंगाम संपला तेव्हा स्टीफन एफ. ऑस्टिनच्या खात्यात २८ विजय आणि ३ पराभव होते, आणि एव्हान्सव्हिलने आपल्या गटातले, म्हणजे कॉन्फरन्समधले, १८ पैकी १८ सामने गमावले होते. त्यांचा प्रशिक्षकही हंगामाच्या मध्यातच बदलला होता हे खरे, तरीही नोव्हेंबरमधल्या एका रात्रीवरून त्या संघाविषयी आणि त्यातल्या खेळाडूंविषयी ज्यांनी ठाम मते बनवली, त्यांना ती जानेवारीत गुपचूप गिळावी लागली.

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत शिकायला गेली आणि त्या निमित्ताने एखाद्या विद्यापीठाच्या संघाशी नाते जुळले, असे मराठी प्रेक्षक आता पुष्कळ आहेत. या मार्गदर्शनासाठी डोळ्यांसमोर तेच आहेत, म्हणजे ज्यांना खेळाचे नियम ढोबळमानाने ठाऊक आहेत, पण पाच-सहा सामने झाल्यावर ‘हा पोरगा खरेच चांगला आहे का’ या प्रश्नाला आधार असलेले उत्तर हवे आहे. माझ्या पद्धतीचा गाभा एवढाच आहे, की पहिल्या सहा-आठ आठवड्यांत खेळाडूने किती बास्केट केल्या यापेक्षा त्याने किती वेळा, कुठून, कोणासमोर आणि किती मिनिटांत प्रयत्न केला याकडे अधिक पाहावे, कारण प्रयत्नांचा आकृतिबंध लवकर स्थिरावतो आणि यशाची टक्केवारी फार उशिरा.

पहिला सामना होण्यापूर्वीचा कागद

हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतो, त्यामुळे ऑक्टोबरच्या अखेरीस एक कागद घेऊन संघातील प्रत्येक खेळाडूची एक ओळ लिहावी. त्या ओळीत त्याचे शैक्षणिक वर्ष, उंची, गेल्या हंगामात प्रत्येक सामन्यामागे खेळलेली मिनिटे आणि तो गेल्या हंगामात कुठे खेळत होता हे असावे. पूर्वी या शेवटच्या रकान्याची फारशी गरज पडत नसे. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये संघ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदवही, म्हणजे ट्रान्सफर पोर्टल, सुरू झाले, २०२१पासून पहिल्या बदलासाठी एक वर्ष बाहेर बसण्याची अट गेली आणि २०२४मध्ये अभ्यासाच्या अटी पाळणाऱ्या खेळाडूला कितीही वेळा संघ बदलण्याची मुभा मिळाली. परिणामी पाचपैकी तीन-चार चेहरे नवे असलेला संघ ही आता नेहमीची गोष्ट झाली आहे, आणि ‘गेल्या वर्षी हा संघ असा खेळायचा’ या वाक्याला पूर्वीइतके वजन उरलेले नाही.

दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्या खेळाडूचे जुने आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. लहान गटात सामन्यामागे १८ गुण करणारा खेळाडू मोठ्या गटात आला, की त्याच्यासमोरचा बचावपटू दोन-तीन इंच उंच आणि बराच चपळ असतो, शिवाय नव्या संघात चेंडू मागणारे आणखी दोघे-तिघे असतात. बहुतेकांच्या गुणांत घट होते. डाल्टन कनेक्टसारखे अपवाद अर्थातच असतात: नॉर्दर्न कोलोराडोकडून २०२२-२३मध्ये सरासरी २०.२ गुण करून तो टेनेसीत आला आणि तिथे त्याची सरासरी २१.७पर्यंत चढली. कागदावर मी अशा खेळाडूसमोर गुणांऐवजी गुणविशेष लिहितो, उदाहरणार्थ ‘पळत येऊन लांबून नेम’ किंवा ‘उजवीकडूनच घुसतो’, कारण गट बदलला तरी सवयी सहसा बदलत नाहीत.

समोर कोण होते, आणि कुठे

मोठी विद्यापीठे नोव्हेंबरमध्ये लहान विद्यापीठांना ठरावीक रक्कम देऊन आपल्या मैदानावर खेळायला बोलावतात. हे सामने पाहुण्यांच्या खजिन्यासाठी आणि यजमानांच्या आत्मविश्वासासाठी असतात, मूल्यमापनासाठी नव्हेत. ज्याने रणजीच्या एखाद्या पाटा खेळपट्टीवर दुबळ्या गोलंदाजीसमोर काढलेले द्विशतक पाहिले आहे, त्याला हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून प्रत्येक सामन्याच्या नोंदीपुढे प्रतिस्पर्ध्याचा दर्जा आणि ठिकाण, घरचे, बाहेरचे की तटस्थ, हे लिहावेच. दर्जासाठी आकडेतज्ज्ञ केन पॉमेरॉय यांची क्रमवारी सोयीची पडते, कारण ती प्रत्येक संघाचे शंभर ताब्यांमागचे गुण (ताबा कसा मोजतात ते पुढे येईल) प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीनुसार दुरुस्त करून मांडते. फक्त हे लक्षात ठेवावे, की सुरुवातीच्या आठवड्यांत त्या क्रमवारीत हंगामपूर्व अंदाजाचाही वाटा मिसळलेला असतो आणि तो पुढे हळूहळू कमी होत जातो.

नोव्हेंबरमधल्या सगळ्या सामन्यांत मला सर्वात जास्त माहिती देणारे सामने तटस्थ ठिकाणच्या स्पर्धांचे वाटतात. हवाई बेटांवरील माउई इन्व्हिटेशनलमध्ये प्रत्येक संघ तीन दिवसांत तीन सामने खेळतो. प्रशिक्षकाला तयारीला रात्रभराचाच वेळ मिळतो, पाय थकलेले असतात, घरचे प्रेक्षक नसतात आणि समोर दर्जेदार संघ असतात. २०१०मध्ये केंबा वॉकरने कनेक्टिकटला तिथे मिशिगन स्टेट आणि केंटकी या दोन्ही बलाढ्य संघांविरुद्ध जिंकून दिले. त्यानंतर त्या संघाने आपल्या गटात ९ विजय आणि ९ पराभव अशी सुमार कामगिरी केली, तेव्हा माउईतला खेळ फसवा होता असे पुष्कळांना वाटले असणार. मार्चमध्ये त्याच संघाने गटाच्या स्पर्धेत पाच दिवसांत पाच सामने जिंकले आणि पुढे राष्ट्रीय विजेतेपदही मिळवले. म्हणजे नोव्हेंबर नेहमीच खोटे बोलत नाही, त्याला योग्य जागी प्रश्न विचारावा लागतो.

मिनिटे वाचणे

सामना सुरू करणारे पाच खेळाडू कोण, यावर चर्चा फार होते आणि तिचा उपयोग सर्वात कमी. ४० मिनिटांच्या सामन्यात महत्त्वाचा प्रश्न असतो तो गुणांतील अंतर सहा-सातच्या आत असताना शेवटच्या पाच मिनिटांत प्रशिक्षकाने कोणाला मैदानावर ठेवले हा, कारण त्या क्षणी प्रशिक्षक शब्दांनी नाही तर निवडीने बोलत असतो. अशा सामन्यांची स्वतंत्र यादी ठेवावी. उलट तीस गुणांची आघाडी असताना शेवटच्या आठ मिनिटांत राखीव खेळाडूंनी केलेले गुण मी नोंदीतून सरळ वगळतो.

कमी मिनिटांचे कारण नेहमी शोधावे. पाचव्या फाऊलला खेळाडू बाद होतो, आणि पहिल्या अर्ध्यात दोन फाऊल झाले की अनेक प्रशिक्षक त्याला मध्यंतरापर्यंत बाकावरच बसवतात. अशा वेळी १४ मिनिटे हा आकडा विश्वास उडाल्याचा नसतो, सावधगिरीचा असतो. मात्र तोच खेळाडू चार सामन्यांत तीनदा लवकर फाऊल करत असेल, तर ती त्याची बचावातली खोड आहे आणि तिची वेगळी नोंद व्हायला हवी.

मिनिटांच्या बाबतीत झॅक ईडीचे उदाहरण शिकण्यासारखे आहे. सात फूट चार इंच उंचीचा, टोरांटोहून आलेला आणि बास्केटबॉलकडे बराच उशिरा वळलेला हा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, २०२०-२१मध्ये पर्ड्यूकडून पहिल्या वर्षी सामन्यामागे १४.७ मिनिटांत ८.७ गुण करत होता. दुसऱ्या वर्षी ट्रेव्हियन विल्यम्स या अनुभवी सेंटरबरोबर मिनिटे वाटून घेत १९ मिनिटांत १४.४ गुण झाले. तिसऱ्या वर्षी सुमारे ३२ मिनिटांत २२.३ गुण आणि १२.९ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर मिळवलेले चेंडू) अशी कामगिरी करून तो देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. आता हेच गुण ४० मिनिटांच्या मापाने मोजून पाहा: पहिल्या वर्षी जवळपास २४, दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्या वर्षी २८. ज्याने दुसऱ्याच वर्षी हा भागाकार केला असेल, त्याला तिसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये आश्चर्य वाटण्याचे फारसे कारण नव्हते. तेव्हा खरा प्रश्न गुणांचा नव्हताच. एवढा अवजड देह ३२ मिनिटे पळू शकेल का आणि फाऊल न करता मैदानावर टिकेल का, हा होता. म्हणून ४० मिनिटांच्या मापाने मोठे दिसणाऱ्या प्रत्येक राखीव खेळाडूला ‘हा दम धरू शकेल का’ हा दुसरा प्रश्न जोडावा. बहुतेकांच्या बाबतीत उत्तर नकारार्थीच येते.

थोडेसे गणित, पण टाळू नये असे

सामन्यामागचे गुण संघाच्या वेगावर अवलंबून असतात, म्हणून आधी ताबे मोजावेत. चेंडू आपल्याकडे आल्यापासून तो प्रतिस्पर्ध्याकडे जाईपर्यंतचा काळ म्हणजे एक ताबा. टाकलेले एकूण शॉट घ्यावेत, त्यातून आक्रमणातले रिबाउंड वजा करावेत, गमावलेले चेंडू म्हणजे टर्नओव्हर मिळवावेत आणि फ्री थ्रोंच्या संख्येला ०.४७५ने गुणून तेही मिळवावे. समजा एका संघाने ६० शॉट टाकले, १० आक्रमक रिबाउंड घेतले, १२ वेळा चेंडू गमावला आणि २० फ्री थ्रो मिळवले, तर ६० वजा १० अधिक १२ अधिक ९.५, म्हणजे ७१.५ ताबे झाले. त्यात ७५ गुण केले असतील तर शंभर ताब्यांमागे सुमारे १०५ गुण होतात. आता हा संघ संथ खेळणाऱ्या संघाशीही ताडून पाहता येतो.

नेमबाजीसाठी साधी टक्केवारी वापरू नये, कारण ती तीन गुणांच्या बास्केटला दोन गुणांच्या बास्केटइतकेच मोजते. एकाने १२ पैकी ६ शॉट दोन गुणांचे केले आणि दुसऱ्याने १२ पैकी ५ केले, पण ते सगळे लांबून, तर साध्या टक्केवारीत पहिला ५० आणि दुसरा ४२ दिसतो. प्रत्यक्षात पहिल्याने १२ गुण केले आणि दुसऱ्याने १५. यशस्वी शॉटमध्ये तीन गुणांच्या बास्केटची निम्मी संख्या मिळवून एकूण प्रयत्नांनी भागले, की दुसऱ्याची टक्केवारी ६२.५ येते आणि चित्र सरळ होते. बास्केटबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक डीन ऑलिव्हर यांनी विजयाचे चार घटक मांडताना या सुधारित नेमबाजीला सुमारे ४० टक्के, चेंडू न गमावण्याला २५, आक्रमक रिबाउंडना २० आणि फ्री थ्रो मिळवण्याला १५ टक्के महत्त्व दिले होते. सुरुवातीच्या नोंदवहीसाठी हेच चार रकाने पुरतात.

नेम खरा कधी मानावा

सर्वाधिक चुका इथे होतात. मुळात ३५ टक्के नेम असलेला खेळाडू पहिल्या सहा सामन्यांत लांबून ३० शॉट टाकतो असे धरू. अपेक्षा दहा-अकरा बास्केटची आहे, पण निव्वळ योगायोगाने त्याच्या ८ किंवा १३ बास्केट होणे अगदी सामान्य आहे. आठ झाल्या तर टक्केवारी २७ दिसते आणि प्रेक्षक त्याला बाकावर बसवा म्हणून ओरडतात, तेरा झाल्या तर ती ४३ होते आणि तोच खेळाडू नायक ठरतो. दोन्ही वेळा मनगट तेच असते.

यावर माझा साधा उपाय आहे. नव्या खेळाडूच्या खात्यात मी सुरुवातीलाच १०० काल्पनिक प्रयत्न आणि त्यांतल्या ३४ बास्केट टाकून ठेवतो, कारण पहिल्या श्रेणीच्या पुरुष संघांची लांबून होणारी यशस्वी नेमबाजी साधारण तेवढीच असते. मग ३० पैकी १४ करणाऱ्याची टक्केवारी ४७ न राहता १३० पैकी ४८, म्हणजे ३७ होते. अनुभवी खेळाडूच्या बाबतीत काल्पनिक आकड्यांच्या जागी त्याच्या गेल्या दोन हंगामांचे खरे आकडे घालावेत, ते अधिक चांगले. शंभर हा आकडा दगडावरची रेघ नाही. ज्याला अधिक धीर धरायचा असेल त्याने दीडशे घ्यावेत.

टक्केवारीची वाट पाहत असताना तीन गोष्टी लवकर कळतात. पहिली, तो लांबून किती वेळा टाकतो, कारण संकोचाने टाकणारा आणि मोकळेपणाने टाकणारा यांतला फरक चार सामन्यांत दिसतो. दुसरी, शॉट कसे मिळाले: उभ्या जागी पास घेऊन, की स्वतः चेंडू खेळवत, बचावपटूचा हात समोर असताना. २०१९-२०पासून पुरुषांची तीन गुणांची रेषा २२ फूट पावणेदोन इंचांवर गेली आहे, तेव्हा शाळेतून आलेल्या नवख्याचे पाय रेषेच्या किती मागे असतात आणि शॉट तोकडा पडतो का, हेही पाहावे. तिसरी म्हणजे फ्री थ्रो. समोर कोणी नसते, अंतर ठरलेले असते, म्हणून पहिल्या वर्षाच्या खेळाडूच्या मनगटाविषयी त्याचे फ्री थ्रो बऱ्याचदा लांबच्या नेमापेक्षा आधी आणि अधिक खरे सांगतात. लांबून २८ टक्के पण फ्री थ्रोवर ८५ टक्के असलेल्या मुलाला मी फेब्रुवारीपर्यंत वेळ देतो. उलट जोडी दिसली तर मी आनंद आवरता घेतो.

बचाव डोळ्यांनीच पाहावा लागतो

बचावाचे आकडे नोव्हेंबरमध्ये जवळजवळ निरुपयोगी असतात. प्रतिस्पर्ध्याची तीन गुणांची टक्केवारी मोठ्या प्रमाणात त्याच्याच नेमावर आणि नशिबावर ठरते, त्याच्या फ्री थ्रोवर तर कोणाचाच बचाव चालत नाही. पाहायचे ते हे, की आपला संघ प्रतिस्पर्ध्याला लांबून किती शॉट टाकू देतो आणि बास्केटखाली किती वेळा येऊ देतो.

एखाद्या खेळाडूसाठी मी सामन्याचे ध्वनिचित्रमुद्रण दुसऱ्यांदा लावतो आणि दहा मिनिटे चेंडूकडे अजिबात न पाहता फक्त त्याच्यावर नजर ठेवतो. चेंडू दुसऱ्या बाजूला असताना तो एक पाऊल आत सरकून मदतीला तयार असतो का, की आपल्या माणसाला चिकटून उभा राहतो? शॉट सुटल्यावर तो आधी अंगाने प्रतिस्पर्ध्याला अडवतो, की नुसते वर पाहत राहतो? चेंडू गमावल्यावर परत धावायला त्याला किती वेळ लागतो? पडद्याआडून, म्हणजे स्क्रीनवरून, येणाऱ्या खेळाडूचा पाठलाग करताना तो बोलतो का, हेही हातवाऱ्यांवरून कळते. असल्या दहा मिनिटांनी मला पूर्ण निकालपत्रकापेक्षा जास्त शिकवले आहे, मात्र हे काम कंटाळवाणे आहे हे आधीच सांगितलेले बरे.

एक नियम ध्यानात असू द्यावा. २०२३-२४पासून पुरुषांच्या खेळात आक्रमक खेळाडूने उडी घेण्यासाठी शेवटचा पाय टेकण्यापूर्वी बचावपटू जागेवर उभा असेल तरच धडकेचा फाऊल आक्रमकाला लागतो. त्यामुळे ऐनवेळी पुढ्यात जाऊन पडण्यावर ज्यांचा बचाव उभा होता, त्यांची जुनी ख्याती तपासून घ्यावी.

नवखे

एनबीए या व्यावसायिक लीगच्या किमान वयाच्या अटीमुळे उत्तमोत्तम खेळाडू बहुधा एकच वर्ष कॉलेजात काढून पुढे जातात, म्हणून काही मोठ्या संघांचा भार १८-१९ वर्षांच्या मुलांवर असतो. ६ नोव्हेंबर २०१८ रोजी ड्यूकने केंटकीला ११८-८४ असे धुतले. आर. जे. बॅरेटने ३३ आणि झायन विल्यमसनने २८ गुण केले, आणि दोघांचाही तो कॉलेजमधला पहिला अधिकृत सामना होता. त्या दोघांविषयीचा निष्कर्ष बरोबर ठरला, केंटकीविषयीचा मात्र साफ चुकला, कारण मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत दोन्ही संघ शेवटच्या आठांत पोहोचून तिथेच थांबले. नवख्यांच्या बाबतीत मी चांगल्या कामगिरीवर लवकर विश्वास ठेवतो, विशेषतः ती दर्जेदार संघासमोर असेल तेव्हा, आणि वाईट कामगिरीचे खाते डिसेंबर अखेरपर्यंत उघडे ठेवतो. पहिल्या वर्षाचे मार्गदर्शक खेळाडू, म्हणजे पॉइंट गार्ड, सगळ्यांत उशिरा स्थिरावतात. त्यांचे असिस्ट, म्हणजे ज्यांवर थेट बास्केट झाली असे पास, मोजताना टर्नओव्हर वेगळे मोजावेत, आणि ते चुकीच्या पासमुळे झाले की घाईच्या ड्रिबलमुळे, हे प्रत्येक वेळी एका अक्षराने लिहून ठेवावे.

निकाल कधी लिहावा

पाचव्या सामन्यानंतर पहिले मत, आणि गटातले मुख्य सामने जानेवारीत सुरू होण्यापूर्वी, दहा-बारा सामन्यांच्या आधारे, दुसरे मत लिहावे. दोन्हींवर तारीख घालावी आणि पहिले मत खोडू नये. प्रत्येक खेळाडूसाठी दोन वाक्ये पुरेत: एकात त्याचे काम काय आहे ते, दुसऱ्यात कोणती गोष्ट दिसल्यास मी मत बदलेन ते. दुसरे वाक्य लिहिता येत नसेल तर आपण त्या खेळाडूला जोखलेले नाही, त्याच्यावर फक्त प्रेम केले आहे असे समजावे, आणि पुढच्या सामन्यात त्याच्यावरच दहा मिनिटे नजर ठेवावी. महिलांच्या संघासाठीही हीच पद्धत चालते. तिथे दहा-दहा मिनिटांची चार सत्रे असल्याने संघाच्या एकूण फाऊलांचा (खेळाडूच्या वैयक्तिक नव्हे) हिशेब प्रत्येक सत्रात नव्याने सुरू होतो, एवढा बदल नोंदवहीच्या रकान्यांत करून घ्यावा.